बन्नीच्या गवतातून

होडको, कच्छ
जानेवारी

प्रिय सुधीर,

कच्छला निघालो तेव्हा तू म्हणाला होतास, पांढरं रण कसं दिसतं ते सविस्तर लिही. रण पाहिलं, चांदण्यात पाहिलं, सुंदरच आहे. पण चार दिवस मनात घोळतंय ते गवत, म्हणून त्याचंच लिहितो.

भुज सोडून उत्तरेला निघालं की डोंगर मागे पडतात आणि बन्नी लागते. जवळपास २५०० चौरस किलोमीटरचं सपाट माळरान. या दिवसांत गवत वाळून पिवळं झालेलं, मध्येच खारवट जमिनीचे पांढरे चट्टे. अशा जमिनीला आपण सरळ ‘पडीक’ म्हणतो. पहिल्या दिवशी मीही म्हणालो. दुसऱ्या दिवशी पहाटे तो शब्द गिळावा लागला.

इथल्या म्हशी रात्री चरतात. संध्याकाळी धार काढली की मालधारी, म्हणजे इथले पशुपालक, त्यांना सोडून देतात, बरोबर गुराखी नाही. आणि पहाटे त्या आपणहून घरी येतात. मी अंधारातच शाल गुंडाळून बाहेर उभा राहिलो. आधी नुसत्या घंटा ऐकू आल्या, मग धुळीचा वास आला, मग दुहेरी पिळाची ती शिंगं दिसली. वाटेत फाटे फुटले तशी एकेक म्हैस न चुकता आपल्या वाड्याकडे वळली. ही जात मालधाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवडून जोपासली. सरकारदरबारी नोंद झाली ती २०१० मध्ये. दूध डेअरीला जातं, आणि भिरंडियारा गावचा मावा तर खायलाच हवा. चांगली दुभती म्हैस लाखाच्या वर जाते. पडीक जमिनीवर एवढा संसार उभा राहतो का रे?

पूर्वी इथे कांकरेज गाई जास्त होत्या. १९६०च्या सुमारास खारटपणा रोखायला म्हणून वेडी बाभूळ लावली. तिच्या शेंगा गुरं खातात, बी शेणातून पसरतं, आणि आता मैलोगणिक गवत तिच्या काट्यांखाली गेलंय. गाईंना त्या शेंगा सोसत नाहीत, म्हशी तगतात. काहीजण तिचाच कोळसा पाडून पोट भरतात. मला मात्र ती बाभूळ पाहून जीव तुटला.

पाण्याची गोष्ट तुला आवडेल. तळ्याच्या कोरड्या पात्रात उथळ खड्डा खणतात, आतून लाकडाच्या चौकटीचा आधार आणि गवत. त्याला विरडा म्हणतात. खालचं पाणी खारं, पण पावसाचं गोडं पाणी हलकं, म्हणून वर तरंगतं. तेवढंच अलगद उपसायचं. ओंजळभर प्यायलो, जिभेला मिठाचा मागमूस नाही.

राहतोय भुंग्यात, म्हणजे इथल्या पारंपरिक घरात. गोल मातीच्या भिंती, वर गवताचं निमुळतं छप्पर, आत आरसे बसवलेलं लिंपणकाम. २००१च्या भूकंपात कितीतरी पक्की घरं कोसळली, असे गोल भुंगे बरेच टिकले. बायकांचं भरतकाम पाहताना बरोबर वहिनी हव्या होत्या असं वाटलं. काळ्या डुंगरावर दत्ताच्या देवळापाशी कोल्ह्यांना प्रसादाचा भात घालतात. छारी ढंढच्या पाणथळीत क्रौंचांचे थवे उतरलेत, दुर्बीण मात्र तुझ्याकडेच राहिली.

पुढच्या हिवाळ्यात ती घेऊन ये. रणाला एक संध्याकाळ पुरे, बाकीचे दिवस इथे. पहाटे घंटा वाजायला लागल्या की मी उठवीन.

तुझा,
अविनाश