डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘उशिरा रडले’?

मा. संपादक,
स. न.

शाळेतून तक्रार आली की आईवडील मुलाला घेऊन तपासणीला येतात, सोबत जन्माच्या वेळची फाईल असते. त्यातल्या डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा एकच ओळ सापडते: ‘बाळ उशिरा रडले, ऑक्सिजन दिला.’ हे पत्र त्या ओळीबद्दल आहे.

उशिरा म्हणजे किती? पाठ चोळताच अर्ध्या मिनिटात रडलेलं बाळ आणि दहा मिनिटं अंबू बॅगने (हाताने दाबून फुफ्फुसात हवा भरणाऱ्या पिशवीने) श्वास द्यावा लागलेलं बाळ, दोघांच्या कार्डावर शब्द तेच. पहिल्याला पुढे त्रास होण्याची शक्यता अगदी कमी. दुसऱ्यावर शाळेत जाईपर्यंत आणि त्यानंतरही नजर हवी. जन्मताच बाळाचा रंग, नाडी, श्वास, हालचाल आणि प्रतिसाद पाहून दहापैकी दिलेल्या अपगर गुणांवरही एवढं सोपवता येत नाही. व्हर्जिनिया अपगर या भूलतज्ज्ञ बाईंनी १९५३ साली ते प्रसिद्ध केले ते बाळाला तत्काळ मदत हवी का हे ओळखण्यासाठी. पुढची बुद्धी सांगण्यासाठी नाही, आणि सवयीने ‘८, ९’ लिहून मोकळं होण्यासाठी तर नाहीच.

पहिल्या दिवसाची नोंद महत्त्वाची, कारण जन्मावेळी गुदमरून, ऑक्सिजन न मिळाल्याने होणारी मेंदूची इजा एका क्षणात संपत नाही. रक्तपुरवठा परत सुरू झाला की पेशी सावरल्यासारख्या वाटतात, बाळ गुलाबी दिसतं, नातेवाईक पेढे आणायला जातात. साधारण सहा तासांनंतर पेशींची ऊर्जा पुन्हा कोसळू लागते आणि हा दुसरा फटका एक-दोन दिवस चालतो. झटके बहुधा याच काळात येतात, पण मोठ्या माणसाच्या आकडीसारखे दिसत नाहीत. बाळ सायकल चालवल्यासारखे पाय हलवतं, ओठ चुटपुटवतं, नजर एका बाजूला थिजते, मध्येच श्वास थांबतो. ‘झोपेत हसतंय’ म्हणून हे सोडून दिलं जातं. या काळात ताप किंवा रक्तातली साखर उतरणं म्हणजे इजेत भर.

हा दुसरा फटका थोपवण्यासाठी पहिल्या सहा तासांत बाळाला ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर आणून ७२ तास तसंच ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत रूढ आहे. आपल्याकडे मात्र जपून. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हेलिक्स’ चाचणीत भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातली ४०८ बाळं होती. थंड केलेल्या गटात मृत्यू किंवा अपंगत्व एकूण कमी झालं नाही, मृत्यू उलट जास्त झाले. छोट्या नर्सिंग होममध्ये बर्फाच्या पिशव्या लावण्याचा उत्साह म्हणूनच नको.

गुदमरणं कोणत्या प्रकारचं, यावर पुढचं बरंच ठरतं. नाळ आधी बाहेर आली किंवा गर्भाशय फाटलं, तर पुरवठा अचानक तुटतो आणि मेंदूच्या खोल भागातली हालचालीची केंद्रं मार खातात. असं मूल लवकर ओळखू येतं: मूठ सुटत नाही, मान धरत नाही, अंग ताठ किंवा वेडंवाकडं वळतं. कळा वाढवायचं औषध बेहिशोबी चढवलं आणि दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा येऊ लागल्या, तर दोन कळांच्या मध्ये वारेत ताजं रक्त भरायला वेळच उरत नाही. ही उपासमार हळूहळू होते. पाटाचं पाणी कमी झालं की शेवटचे वाफे आधी सुकतात, तसा दोन रक्तवाहिन्यांच्या सीमेवरचा मेंदू आधी वाळतो. यातली बरीच मुलं वेळेत चालतात, म्हणून सगळे निर्धास्त होतात. भाषा, गणित, लक्ष टिकवणं, कामाचा क्रम लावणं यातली अडचण पहिली-दुसरीनंतर वर येते.

सर्वांत फसवी इजा स्मरणाच्या केंद्राची, हिप्पोकॅम्पसची. लंडनच्या संशोधकांनी १९९७ साली अशा तिघांचं वर्णन केलं, त्यातल्या एकीची इजा जन्मावेळची होती. तिघंही नेहमीच्या शाळेत शिकले; वाचन, बोलणं, सामान्यज्ञान ठीक. काल काय घडलं, डबा कुठे ठेवला, बाईंनी गृहपाठ काय दिला, हे मात्र टिकत नाही. घरी पाहायचं तर सात-आठ ओळींची गोष्ट सांगा. लगेच विचारली तर मूल सांगतं, अर्ध्या तासाने जवळजवळ पुसलेली असते. अशा मुलाला ‘आळशी’ म्हणून पट्टी मारण्यापेक्षा दप्तरात वही द्या, वस्तूंच्या जागा ठरवा, कामांची यादी भिंतीवर लावा.

तेव्हा कार्डावर एवढं हवं: एक, पाच आणि गरज पडल्यास दहा मिनिटांचे अपगर गुण, बॅग किती मिनिटं दिली, झटके आले का, कोणत्या तासाला, मेंदूविकाराची पायरी सौम्य, मध्यम की तीव्र, घरी जाताना अंगावर ओढून पीत होतं की नळीने, आणि डोक्याचा घेर. घेराला फक्त टेप लागते. पूर्ण दिवसांच्या बाळाचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो आणि पहिले तीन महिने महिन्याला सुमारे दोन सेंटिमीटर वाढतो. ही वाढ अडली तर वाट पाहू नये. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उताण्या बाळाच्या हातापायांच्या बारीक चुळबुळीही तज्ज्ञाने पाहाव्यात. वर्षाच्या आत एकच हात वापरत असेल तर ‘डावखुरा होणार’ म्हणून कौतुक करू नये.

यंत्रणा नवी उभारायची नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरलाच सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा जातात. त्यांच्या हाती ही नोंद पडली तर पाचव्या आणि आठव्या वर्षी कोणाला मुद्दाम तपासायचं हे त्यांना कळेल.

नोंदीचा फायदा डॉक्टरांनाही आहे. प्रगत देशांतल्या अभ्यासांत सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूच्या इजेमुळे हालचाल बिघडण्याच्या) दहातल्या साधारण एकाच मुलात प्रसूतीवेळचं गुदमरणं हे कारण निघतं. बाकीच्यांत अपुरे दिवस, जंतुसंसर्ग, जनुकीय दोष असं काही असतं. कार्ड कोरं असलं की दोष एक तर डॉक्टरवर जातो, नाही तर आईने पाळलं नाही म्हणून ग्रहणावर.

आपले,
नवजात आणि बालविकास तपासणी करणारे काही डॉक्टर व थेरपिस्ट