मिटत चाललेल्या तोंडांसाठी तालुक्यातल्या सर्वांना आवाहन

गावकरी बंधू-भगिनींनो,

हाताची मधली तीन बोटं जुळवा, उभी धरा आणि समोरच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून पाहा. सहज गेली तर चांगलं आहे. दोनच गेली, किंवा तिसरं घालताना गाल ओढल्यासारखा वाटला, तर हे आवाहन तुमच्यासाठीच आहे. ज्यांची तिन्ही गेली त्यांनीही पुढे वाचावं, कारण चंद्रपूर-गडचिरोलीच्या आपल्या पट्ट्यात असं एखादं घर शोधायला फार लांब जावं लागत नाही.

मोठ्या माणसाचं तोंड समोरच्या दातांच्या कडांमध्ये साधारण ३५ ते ५० मिलिमीटर उघडतं. आपल्याकडे पंचविशीतल्या पोरांचं २० वर आलेलं दिसतं. १५ च्या खाली गेलं की भाकरीचा घास बारीक करून दातांच्या फटीतून सरकवावा लागतो. सुरुवात मात्र साधी असते. ठेचा, रस्सा, लोणचं यांनी तोंडाची आग होते आणि माणूस तिखट कमी करतो. मग गालाच्या आतली त्वचा पांढुरकी पडते, बोट फिरवलं तर आत ताठ पट्टे हाताला लागतात. शिट्टी वाजत नाही, चुलीत फुंकर घालता येत नाही, जीभ पूर्वीसारखी बाहेर येत नाही. दाढ किडली तर दंतवैद्याचा हात आणि पक्कड मागपर्यंत पोचत नाही, ब्रशही पोचत नाही, म्हणून दात आणखी किडत जातात. दुसऱ्याच कशासाठी शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना घशात नळी घालणं अवघड होतं. डॉक्टर या आजाराला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. गावात आपण ‘तोंड उघडत नाही त्याचं’ एवढंच म्हणतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो.

वळू नये, कारण ही पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणारी अवस्था आहे.

हा आजार वैद्यकाला कळवणारांत आपलीच माणसं होती. १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या ५ भारतीय स्त्रियांच्या तोंडात हा बदल पहिल्यांदा नोंदवला गेला आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कडांवरच्या या रोगाचं वर्णन छापलं. मग डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि डॉ. सत्यवती सिरसाट मुंबईतल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात यामागे लागले. तेव्हा संशय मिरचीवर होता, म्हणून त्यांनी उंदरांच्या टाळूला मिरचीतलं तिखट द्रव्य लावून सूक्ष्मदर्शकाखाली काय होतं ते पाहिलं. १९६६ मध्ये सिरसाट यांनी डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग यांच्यासोबत या रोगाची जी व्याख्या मांडली, ती आजही दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाते. मिरचीवरचा संशय पुढे मागे पडला. गुन्हेगार निघाली सुपारी.

हे आम्ही ठासून सांगतो, कारण आपल्याकडे सगळा दोष तंबाखूला देऊन सुपारीला सोडून देतात. ‘मी फक्त गोड सुपारी खातो’ म्हणणारी शाळकरी मुलं आणि ‘मी खर्रा खात नाही, नुसती सुपारी चघळते’ म्हणणाऱ्या मावश्या आम्हाला रोज भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाच, तंबाखू नसली तरी, माणसात कर्करोग करणारा पदार्थ ठरवलं आहे. खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून एकत्र येतात, म्हणजे तोंडाला दोन्हीकडून मार बसतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पानठेल्यावर पन्नी घोटण्याचा आवाज मात्र थांबलेला नाही.

तोंड मिटतं कसं, हेही समजून घ्या, म्हणजे आम्ही मदत कशासाठी मागतो ते कळेल. गालाच्या आतल्या पातळ त्वचेखाली फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. कोलॅजनचे धागे विणणं हे त्यांचं काम. एरवी जुने धागे मोडत जातात आणि नवे विणले जातात, म्हणून गाल मऊ आणि ताणला जाणारा राहतो. सुपारीतलं अ‍ॅरेकोलिन या पेशींना जास्त धागे विणायला लावतं. सुपारीत तांबंही बरंच असतं, आणि धाग्यांना एकमेकांशी घट्ट जोडणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) कामासाठी तांबंच लागतं. सुपारीतली तुरट द्रव्यं तर झालेले धागे इतके पक्के करतात की ते मोडणाऱ्या विकरांचं त्यांच्यापुढे चालत नाही. विणणं वाढलं, मोडणं घटलं, आणि काथ्याचा दोर वळावा तसा धाग्यांचा पट्टा गालात तयार झाला. त्या पट्ट्यात रक्तवाहिन्या कमी होतात आणि वरची त्वचा उपाशी राहून पातळ पडते. तीच त्वचा सुपारीच्या मार्गात उघडी असते.

जबड्याच्या हालचालीचं गणितही इथेच येतं. तोंड उघडताना कानाजवळचा सांधा आधी जागीच फिरतो आणि मग पुढे सरकतो. या आजारात सुरुवातीला सांधा निर्दोष असतो, गाल त्याला सरकू देत नाही. पण वर्षानुवर्षं पूर्ण हालचाल झाली नाही की चावण्याचे स्नायूही आखडतात. मग पट्टा कापून तोंड मोकळं केलं तरी स्नायू साथ देत नाहीत, आणि व्यायाम सोडला की तोंड पुन्हा मिटू लागतं. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने रोज व्यायाम करावाच लागतो. त्यात आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांसारख्या पट्ट्या दातांमध्ये एकावर एक रचून, दर काही दिवसांनी एकेक वाढवत जाण्याची रीत आहे. स्वस्त आणि खरोखर उपयोगी.

सुपारी सोडल्यावर आजार वाढणं थांबू शकतं, सुरुवातीच्या अवस्थेत बराच आरामही पडतो, पण जुना पट्टा आपोआप विरघळत नाही. हे आम्ही कुणापासून लपवणार नाही.

यात अजून न सुटलेला एक मोठा प्रश्न आहे. एकाच ठेल्यावरचा खर्रा तितकीच वर्षं खाणाऱ्या दोन भावांपैकी एकाचं तोंड मिटतं आणि दुसऱ्याचं का नाही? ज्यांचं मिटतं त्यांच्यापैकी कर्करोग कुणाला होणार, हे आधी ओळखता येईल का? याचं उत्तर एका दिवसाच्या शिबिरातून मिळत नाही, त्याच माणसाकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंत संशोधन विभागाने हे करून दाखवलं आहे. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या गावांत १,०१,७६१ लोकांची तोंडं पाहिली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. त्याच गटाने केरळातल्या एर्नाकुलममध्ये या आजाराच्या ६६ जणांचा १७ वर्षांच्या काळात पाठपुरावा केला. त्यातल्या ५ जणांना, म्हणजे १०० मागे साडेसातहून थोड्या जास्त लोकांना कर्करोग झाला. हा आकडा जगभर आजही सांगितला जातो. तो ६६ साध्या माणसांमुळे मिळाला, जी बोलावल्यावर तपासणीला आली आणि येत राहिली.

आपल्या तालुक्यातही असं काम सुरू होत आहे. नागपूरच्या एका दंत महाविद्यालयातले मुखरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपीचे शिक्षक आणि पेशींवर काम करणारे संशोधक मिळून ते करणार आहेत. दर तीन महिन्यांनी तोंड किती उघडतं ते व्हर्नियर कॅलिपरने मोजायचं, तेही त्याच दातांवर आणि तीनदा, म्हणजे चूक होणार नाही. चावण्याच्या स्नायूंची ताकद पाहायची. काड्यांचा व्यायाम शिकवायचा आणि तो करणाऱ्यांचं तोंड किती मोकळं होतं ते नोंदवायचं. जे तयार असतील त्यांच्या गालातून, जागा बधिर करून, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घ्यायचा आणि त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या. या पेशी जिवंत हव्यात, म्हणून तुकडा काही तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचावा लागतो. तालुक्याहून पाठवण्यात धोका आहे, म्हणून माणसालाच नागपूरला जावं लागणार.

खरी अडचण इथे आहे. शेतमजुरीवर जाणारा माणूस पहिल्यांदा उत्साहाने येतो. दुसऱ्या खेपेला कापूस वेचणीला आलेला असतो. तिसऱ्या खेपेला एसटीचं भाडं नसतं. बाईमाणूस असेल तर सोबत घरातलं कुणीतरी लागतं, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. यात आळस कुणाचाच नाही. असे दहा जण गळाले की मागे घेतलेली सगळी मापं अर्धवट राहतात. यंत्रं आणि तज्ज्ञ महाविद्यालयाकडे आहेत. माणसाला पुन्हा पुन्हा आणण्याची जबाबदारी आपल्या मंडळाने घेतली आहे आणि ती एकट्या मंडळाला झेपणारी नाही.

एका माणसाच्या नागपूरच्या एका खेपेला भाडं, जेवण आणि बुडालेली मजुरी मिळून साधारण १,००० रुपये लागतील असा आमचा हिशेब आहे. वर्षात चार खेपा. पहिल्या वर्षी ६० जणांपासून सुरुवात करायची आहे, म्हणजे २,४०,००० रुपये. जमेल ते द्या. पण कुणी एका माणसाचं वर्षभराचं, म्हणजे ४,००० रुपयांचं, पालकत्व घेतलं तर आम्हाला सर्वांत जास्त आनंद होईल, कारण मग तो माणूस मध्येच सुटणार नाही याची हमी राहते. पुण्या-मुंबईला आणि परदेशात गेलेल्या आपल्या तालुक्यातल्या मुला-मुलींना आमची खास विनंती आहे. तुमच्यासोबत शाळेत बसलेल्या कुणाचं तरी तोंड आज दोन बोटांवर आलं आहे.

हा पैसा तुकडा देण्याचा मोबदला नाही. मोबदला देऊन नमुने घेणं योग्य नाही आणि आम्ही ते होऊ देणार नाही. फक्त प्रवास आणि बुडालेली मजुरी भरून दिली जाईल, तीही तुकडा द्या अथवा देऊ नका, सारखीच. महाविद्यालयाच्या नैतिकता समितीने मंजूर केलेला संमतीचा कागद मराठीत आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो मंडळाचा कार्यकर्ता सोडून तिसऱ्या माणसाने वाचून दाखवायचा, असा नियम आम्ही घालून घेतला आहे. कुणालाही कधीही, कारण न सांगता, बाहेर पडता येईल. प्रयोगशाळेत नाव जाणार नाही, क्रमांक जाईल. तपासणीत कर्करोग निघाला तर त्याच्या उपचारांवर हा निधी खर्च होणार नाही. त्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिची कागदपत्रं करायला आणि पहिल्या दिवशी दवाखान्यात सोबत यायला आमची माणसं तयार आहेत.

तंबाखू-सुपारीच्या व्यापाऱ्यांची देणगी घ्यायची नाही असं मंडळाच्या सभेत एकमताने ठरलं. पानठेला चालवणाऱ्या भावांवर आमचा राग नाही, त्यांच्यातल्या अनेकांची तोंडंही मिटलेली आहेत. त्यांनी तपासणीला यावं आणि आपल्या गिऱ्हाइकांनाही पाठवावं. त्यांच्याइतकी नेमकी यादी गावात दुसऱ्या कुणाजवळ नाही.

पैशाशिवायही पुष्कळ हवं आहे. दर तीन महिन्यांनी घरोघर जाऊन आठवण करून देणाऱ्या ताई-दादांची गरज आहे. आशाताईंवर आधीच कामाचा भार आहे, सगळं त्यांच्याच गळ्यात टाकायचं नाही. ज्यांची जीप किंवा गाडी नागपूरला रिकामी जाते त्यांनी दोन जागा राखून ठेवाव्यात. शाळेतल्या गुरुजींनी आणि बाईंनी सातवीच्या पुढच्या मुलांना तीन बोटांची चाचणी एकदा करायला लावावी. दोन बोटं जाणाऱ्या मुलाला वर्गात नाव घेऊन उभं करू नये, घरी जाऊन आई-वडिलांशी बोलावं. लग्नघरांनी या हंगामात स्वागताच्या तबकात सुपारीऐवजी बडीशेप ठेवली तरी आम्ही ती मोठी देणगी समजू.

देणगी मंडळाच्या कार्यालयात रोख किंवा खात्यावर घेतली जाते आणि प्रत्येक रुपयाची पावती मिळते. दर महिन्याचा जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल. तोंडाची तपासणी दर रविवारी सकाळी ९ ते १२ या वेळेत मंडळाच्या खोलीत होते, तिला पैसे लागत नाहीत आणि कुठलंही ओळखपत्र मागितलं जात नाही. येताना साध्या पाण्याने चूळ भरून या, म्हणजे आतल्या त्वचेचा रंग नीट दिसतो. आणि खर्रा सुटलेला नसला तरी लाजून घरी बसू नका, तसेच या.