कापणीच्या सणाआधी मी येतेय

प्रिय आई आणि बाबा,

प्रभूमध्ये सलाम.

फोनवरच सांगितलं असतं, पण बाबा मध्येच 'बरं, बरं' म्हणून फोन ठेवतात आणि आई 'जेवलीस का'च्या पुढे सरकत नाही. म्हणून लिहितेय. मस्कतची नोकरी मी सोडली. पुढच्या एका वर्षाच्या करारावर सही केली नाही, राजीनामा मंजूरही झाला. कापणीच्या सणाआधी मी नगरला येतेय, राहायला. 'नीट विचार कर' असं आता कळवू नका. विचार झालाय.

कारण आईचे डोळे. मोतीबिंदू असता तर एवढी घाई केली नसती. तो चार महिने उशिरा काढला तरी भिंग बसवलं की दिसायला लागतं. काचबिंदूचं तसं नाही. बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू निकामी होत जाते. दुखत नाही, खुपत नाही. कडेचं दिसणं आधी जातं आणि माणसाला वाटतं आपण धांदरट झालोय. आई, उंबऱ्याला तू सारखी ठेचकाळतेस, त्यात चपलेचा दोष नाही गं. गेलेली नजर ऑपरेशननंही परत येत नाही, पण आहे ती राखता येते. थेंब नेमाने पडले तर पुष्कळ वर्षं राखता येते. घाबरू नकोस. आजीच्या वेळी कुणाला कळलंच नाही, तुझं कळलंय. (आईला असलं की मुलांनीही तपासून घ्यायचं असतं. माझं ठीक आहे. दादालाही सांगितलंय, तो जाईल तेव्हा खरं.)

बाबा, आता तुमच्याशी. डॉक्टरांनी पुन्हा दाखवायला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, सण होऊ दे. मग म्हणालात, नाताळ होऊ दे. वडाळ्याच्या रविवारच्या शाळेत फेलिक्सची गोष्ट आम्हाला तुम्हीच सांगायचात. कैदेतल्या पौलाचं बोलणं ऐकून सुभेदार फेलिक्स भ्याला आणि म्हणाला, आता जा, सवड झाली म्हणजे बोलावीन. दोन वर्षं तो पौलाला बोलावून गप्पा मारत राहिला. शेवटी त्याच्या जागी फेस्त आला, पौल कैदेतच. तुम्ही ढेरी पुढे काढून 'सवड झाली म्हणजे' म्हणायचात आणि आम्ही खिदळायचो. तुम्हाला फेलिक्स म्हणायची माझी छाती नाही. पण नाताळनंतर तुम्ही मंडळीची वार्षिक सभा काढाल, मी ओळखते तुम्हाला.

तुम्ही नांगर काढाल हेही ठाऊक आहे. नांगराला हात घालून मागे पाहू नये, रुग्णसेवा हे तुझं पाचारण, हे माझ्या निरोपाच्या प्रार्थनेत तुम्हीच म्हणाला होतात. पण आईबापांना द्यायचं ते 'देवाला अर्पण केलंय' म्हणून हात झटकणाऱ्यांना प्रभूने काय सुनावलं, तेही वाचा, मार्क ७. आणि वधस्तंभावर, श्वास पुरत नसताना, त्याने आपल्या आईला शिष्याच्या स्वाधीन केलं. ते काम कुणाच्या सवडीवर ठेवलं नाही.

उपदेशकाचा तिसरा अध्याय आपण मातीला वाचतो. त्यात वेळांची यादी आहे, पण आपली आत्ता कुठली चालू आहे ते लिहिलेलं नाही. मला ते, प्रभूच्या मरणाआधी त्याच्या मस्तकावर सुगंधी तेल ओतणाऱ्या बेथानीतल्या बाईकडून कळलं. तिचं तेल ३०० दिनारांहून जास्त किमतीचं. मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार, म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई. लोकांनी कुरकुर केली, आणि त्यांचा हिशेब काही खोटा नव्हता, गरिबांना देता आलं असतंच. पण पुढे बघा. शब्बाथाचा विसावा सरल्यावर तीन बायका सुगंधी द्रव्यं विकत घेऊन प्रभूच्या कबरेकडे गेल्या. जीव त्यांचाही तेवढाच, पैसे त्यांनीही घातले. लावायला देहच नव्हता. मार्कने सांगितल्याप्रमाणे त्याच्या अंगाला लागलेलं तेल एकच, जिने आधी ओतलं तिचं. (योहानात देहाला सुगंधी द्रव्यं लावणारा निकदेम आहे, ठाऊक आहे बाबा. मी मार्काचं बोलतेय.) माझा करारही एका वर्षाचाच होता.

आई, तुझ्यापायी माझं नुकसान झालं असं मनात आणू नकोस. नगरला काम मिळतंय. पगार कमी आहे, पण घरभाडं नाही आणि तुझ्या हातची भाकरी आहे. लहानपणी माझे डोळे आले की तू कोमट पाण्यात कापूस बुडवून चिकटलेल्या पापण्या सोडवायचीस आणि विचारायचीस, सांग बघू, मी किती दिसते? मी मुद्दाम 'दोन' म्हणायचे. मग दोन्ही आयांना पापी द्यावी लागायची. आता थेंब मी घालणार, भाव काय ते तू ठरव.

घरात तुमचं काही बदलणार नाही. बाबांची खुर्ची व्हरांड्यातच राहील, सकाळचा चहा बाबाच करतील, रेडिओही तेवढाच मोठा लावा. मी फक्त न्हाणीघरात धरायला दांडी बसवणार, जिन्यात मोठा दिवा लावणार आणि पायऱ्यांच्या कडा पिवळ्या रंगवणार.

मी येईपर्यंत ऐका. रात्रीचा थेंब रोज ठरल्या वेळी, कुटुंबप्रार्थनेचं आमेन झालं की लगेच. दुसरं औषध असेल तर मध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्या. थेंब पडला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबायचा, चोळायचा नाही. आईला दमा आहे हे डॉक्टरांना न विसरता सांगा, काचबिंदूचे काही थेंब दम्याला चालत नाहीत. बाटली संपायच्या आत नवी आणायची. आणि सणाच्या लिलावात बाबांनी भोपळे उचलायचे नाहीत, कंबर आठवा.

येत्या शुक्रवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे. दादा गाडी घेऊन येईल. बाबा, संध्याकाळच्या प्रार्थनासभेची सबब चालणार नाही. पाळकसाहेबांशी मी बोलले आहे, त्या दिवशीचा संदेश दुसरे कुणी देतील.

तुमची,
बेबी