पाकीट आधी फोडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की आमच्या चिपळूण भागात तापाची शिबिरं सुरू होतात. परवा एका शिबिरात मलेरियाच्या झटपट तपासणीच्या कार्डांची पाकिटं सकाळीच फोडून टेबलावर मांडून ठेवलेली दिसली. का, तर रांग लवकर उरकावी! बाहेर धो धो पाऊस, खिडक्या सताड उघड्या. मी लॅब टेक्निशियन, त्यामुळे राहवलं नाही.

या कार्डात पंप नाही की बॅटरी नाही. रक्त आणि बफर, म्हणजे त्यावर टाकायचं द्रावण, पुढे सरकतात ते आतल्या पांढऱ्या पट्टीच्या जोरावर. पट्टी नायट्रोसेल्युलोजची, छिद्रं काही मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी. एवढ्या बारीक वाटेत द्रवाच्या वजनाला कोणी विचारत नाही, पृष्ठताण आणि छिद्राच्या भिंतीची ओढ म्हणेल ते खरं. गंमत म्हणजे नुसतं नायट्रोसेल्युलोज पाण्याला फारसं जवळ करत नाही. कारखान्यात त्यात साबणाच्या जातीचं रसायन मुरवतात, तेव्हा कुठे ते नीट भिजतं. चालही मंदावत जाणारी: दुप्पट अंतराला साधारण चौपट वेळ. सूचनेत छापलेल्या मिनिटांआधी निकाल वाचायचा नसतो, तो यासाठीच.

अशी पट्टी दमट हवेत उघडी राहिली की ओलावा धरते. द्रवाची चाल बिघडते, पट्टीवर वाळवून बसवलेल्या, मलेरियाची खूण पकडणाऱ्या अँटिबॉडीज कमजोर होतात आणि मलेरिया असल्याचं दाखवणारी टेस्टची रेघ फिकट येते किंवा येतच नाही. ‘‘पण कंट्रोलची रेघ आली ना!’’ असं मला तिथे ऐकवलं गेलं. ती रेघ द्रव तिथवर पोचल्याचं सांगते. टेस्टच्या रेघेची हमी ती देत नाही.

आशाताईंना दोष देत नाही. दारापर्यंत रांग आणि वरून घाई, त्या तरी काय करणार? पण पाकीट रुग्ण समोर बसल्यावरच फोडावं, आतल्या ओलावा शोषणाऱ्या पुडीचा रंग बदललेला असेल तर कार्ड टाकून द्यावं, आणि फ्रिजमधून काढलेलं पाकीट खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर पट्टीवर दव धरतं. एवढी सूचना आरोग्य विभागाने शिबिरांना लेखी द्यावी. आणि कार्ड निगेटिव्ह आलं तरी ताप हटत नसेल, तर रक्ताची स्लाइड करून सूक्ष्मदर्शकाखाली बघावीच.

– एक लॅब टेक्निशियन, चिपळूण