निर्लेखनापूर्वी मदरबोर्डवरचे कपॅसिटर तपासा

मा. संपादक,

शाळा आणि सरकारी कार्यालयांतील जुन्या संगणकांच्या निर्लेखनाचे, म्हणजे ते निकामी ठरवून नोंदीतून काढून टाकण्याचे, प्रस्ताव निघतात, तेव्हा ‘मदरबोर्ड नादुरुस्त’ एवढा शेरा पुष्कळदा पुरेसा मानला जातो. तो शेरा मारण्यापूर्वी कोणी कॅबिनेटचे झाकण उघडून बोर्डावरचे कपॅसिटर पाहिले होते का, हे विचारले जावे, म्हणून हे पत्र.

प्रोसेसरच्या सॉकेटलगत उभ्या असलेल्या या लहान नळकांड्या प्रोसेसरला मिळणारा जेमतेम एक-दीड व्होल्टचा पुरवठा स्थिर ठेवतात. आतला द्रव इलेक्ट्रोलाइट (वीज वाहून नेणारे रासायनिक द्रावण) बिघडून वायू तयार झाला की खाचा पाडलेला सपाट माथा फुगतो, कधी फाटून त्यावर तपकिरी खपली धरते. काही वेळा माथा जसाच्या तसा राहतो, पण बुडाचे रबरी बूच बाहेर सरकल्याने कपॅसिटर तिरका दिसतो. संगणक मध्येच रीस्टार्ट होणे किंवा चार वेळा बटण दाबल्यावर सुरू होणे ही त्याची लक्षणे असूनही दोष मात्र विंडोजला किंवा रॅमला दिला जातो.

2000 नंतरच्या काही वर्षांत, मुख्यतः तैवानी कारखान्यांतून आलेल्या सदोष इलेक्ट्रोलाइटच्या कपॅसिटरांनी जगभर असंख्य बोर्ड निकामी केले. डेल कंपनीला 2005 मध्ये ऑप्टिप्लेक्स संगणकांपोटी 30 कोटी डॉलरचा भार सोसावा लागला. पुढे घन पॉलिमरचे कपॅसिटर रुळले, तरी द्रव इलेक्ट्रोलाइटचे जुने बोर्ड अजून वापरात आहेत आणि उष्णतेने त्यांच्या कपॅसिटरांतला द्रव आजही आटतो.

दुरुस्ती स्वस्त आहे, पण ती नीट झाली पाहिजे. 6.3 व्होल्ट, 3300 मायक्रोफॅरडच्या जागी तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तितक्याच किंवा अधिक व्होल्टचा, 105 अंश सेल्सिअसचा, कमी ईएसआरचा (म्हणजे कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर हवा. साधा कपॅसिटर बसवला तर संगणक सुरू होतो, ग्राहक खूश होऊन घरी जातो आणि तो कपॅसिटर तापून लवकरच पुन्हा फुगतो. या दुरुस्तीची बदनामी झाली आहे ती प्रामुख्याने अशा कामामुळे. बोर्डावरचा रंगवलेला अर्धगोल बहुधा ऋण टोक दाखवतो, परंतु सगळ्याच कंपन्या तसे करत नाहीत, त्यामुळे जुना कपॅसिटर काढण्याआधीच त्याची दिशा टिपून ठेवावी.

खरे कसब काढण्यात आहे. मदरबोर्डच्या आतले तांब्याचे थर उष्णता ओढून घेतात, त्यामुळे रेडिओ दुरुस्तीच्या 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने ऋण पायाचे सोल्डर नीट वितळतच नाही आणि घाईने ओढले की छिद्रातले तांब्याचे अस्तर उपटून येते. तेव्हा मात्र बोर्ड खरोखरच निकामी होण्याची वेळ येते. तापमान नियंत्रित होणारे 60 वॅटच्या आसपासचे आयर्न घ्यावे, जुन्या सोल्डरवर थोडे ताजे सोल्डर द्यावे आणि दोन्ही पाय आळीपाळीने तापवत, कपॅसिटर हलकेच डोलवत बाहेर काढावा. छिद्र विकने (वितळलेले सोल्डर शोषून घेणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) साफ करावे.

प्रत्येक बोर्ड असा वाचेल, असा माझा दावा नाही. मॉस्फेट (प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याचे नियंत्रण करणारा ट्रान्झिस्टर) जळला असेल किंवा ट्रॅक गंजून तुटले असतील, तर हट्ट धरू नये. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते यंत्र नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जावे, भंगारवाल्याकडे नव्हे.

माझी विनंती एवढीच आहे की निर्लेखनाच्या तपासणी अर्जात कपॅसिटरच्या पाहणीसाठी एक रकाना असावा, आणि फुगलेले कपॅसिटर आढळलेले बोर्ड आधी जवळच्या आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाकडे पाठवावेत. तेथील प्रशिक्षणार्थींना बहुस्तरीय बोर्डावर सोल्डरिंगचा सराव मिळेल आणि सुट्या भागांचा किरकोळ खर्च शाळेने किंवा त्या कार्यालयाने द्यावा.

आपला,
एक संगणक दुरुस्ती कारागीर, सातारा