कपडे कोण सांभाळणार?

पुणे
रविवार, १५ जून २०२५

ती. बाबा आणि आई,
सा. न.

रोज फोन होत असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणालच, म्हणून आधी तेच सांगते. गेल्या महिन्यात फोनवर मी म्हणाले, ‘बाबा, मी पोहायला जाते.’ तुम्ही म्हणालात, ‘पोहे? सकाळी उठून पोहे कशाला खातेस, पित्त होतं. भाकरी खात जा.’ मी दोनदा ओरडून सांगितलं. शेजारच्या काकूंना कळलं, तुम्हाला नाही. कानाचं मशीन कपाटात ठेवलं की असं होतं. तुमचे डोळे अजून चांगले आहेत, तेव्हा लिहूनच कळवते. नेहमीसारखं मोठ्यानं वाचा, आई भाजी निवडत ऐकेल.

तर बाबा, पोहे नाही, पोहणं. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी महापालिकेच्या तलावावर पोहायला शिकतेय. मार्चपासून. बायकांची बॅच असते, पाऊण तासाची.

कारण काही थोर नाही. गुडघे दुखतात, डॉक्टर म्हणाले जिने कमी करा आणि पाण्यात व्यायाम करा. नाहीतर ‘स्वतःला घडवणं’ या प्रकारात माझा आजवरचा हिशोब तुम्हाला माहीतच आहे. दोन वर्षं जिमची वर्षाची फी भरली आणि मिळून एकोणीस दिवस गेले. पहाटे पाचचा गजर लावला, तो घरातल्या सगळ्यांना उठवायचा, मला सोडून. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या म्हणून एक सुंदर वही आणली. तिच्या चौथ्या पानापासून दुधाचा हिशोब आहे. आणि अंथरुणात पडून ‘आयुष्य कसं बदलावं’ याचे व्हिडिओ दीडपट वेगानं बघायचे, ते तर विचारू नका. रात्री साडेबारा वाजता लवकर झोपण्याचे फायदे ऐकत जागी असलेली बाई मी.

पोहण्याचं मात्र टिकलं. का टिकलं, याचा विचार करताना आपल्या मळ्यातली विहीर आठवली, आणि मग हे पत्र लिहायला घेतलं.

१९८८ चा मे महिना. मी दहा वर्षांची, दादा बाराचा. तुम्ही दादाच्या पाठीला वाळका भोपळा बांधलात आणि पायरीवरून सरळ ढकलून दिलंत. तो बोंबलला, पाणी प्यायला, वर आला. चौथ्या-पाचव्या दिवशी भोपळा सुटला, आणि महिनाअखेर तो वरच्या कठड्यावरून मुटके मारत होता. चुलत भावंडं, वस्तीवरची पोरं, सगळी विहिरीत. मी म्हणाले, ‘बाबा, मी?’ तुम्ही म्हणालात, ‘तू काठावर बस, कपडे सांभाळ.’ आणि हातातलं एचएमटीचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलंत, ‘हे पाण्यात पडलं तर तुझी खैर नाही.’

अख्खा महिना मी ते घड्याळ मुठीत धरून बसले. घामानं त्याचा पट्टा ओला व्हायचा. दादा पाण्याखाली किती सेकंद राहतो ते मी त्यावर मोजायचे. सर्वांत जास्त एकतीस.

हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. म्हणजे, दहा वर्षांपूर्वी लिहिलं असतं तर टोचायलाच लिहिलं असतं. ही गोष्ट मी इतक्या जणांना, इतक्या वेळा सांगितली आहे की ती मला पाठ झाली आहे. ‘आमच्याकडे मुलींना शिकवलं नाही’ हे वाक्य कुठेही वापरता येतं. स्कूटर नीट येत नाही, चारचौघांत बोलता येत नाही, सगळ्याला तेच कारण. पण मी १९९६ साली पुण्यात आले. इथं तलाव होते, महिन्याची फी परवडणारी होती. मला कुणी अडवलं होतं? मुलं झाल्यावर दोघांनाही पोहायला घातलं, आणि मी तलावाच्या काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत टॉवेल, चपला आणि डबे घेऊन बसले. चार उन्हाळे. पुन्हा काठ आणि पुन्हा कपडे, आणि या वेळी बसा म्हणणारं कुणी नव्हतं.

खरं सांगायचं तर मला पाण्याची भीती कमी होती, आणि आपल्याला काही येत नाही हे लोकांना दिसण्याची जास्त. बँकेत मी सगळ्यांच्या चुका काढणारी. इथं पहिले आठ दिवस दांड्याला धरून, तोंड पाण्यात घालून फुगे काढायचे. शेजारी सहा वर्षांच्या मुलीसुद्धा माझ्यापेक्षा बरे फुगे काढतात. शिकवणारी मुलगी तेवीस वर्षांची. ती तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘मॅडम, मान सोडा. मान अजून ऑफिसातच आहे तुमची.’ संतापच आला होता. पण मान खरंच ताठ होती. मी श्वास कोंडून ठेवायचे आणि मग एकदम वर येऊन एकाच वेळी सोडायला आणि घ्यायला बघायचे, दोन्ही धड व्हायचं नाही. श्वास पाण्यात असतानाच हळूहळू सोडायचा असतो, म्हणजे वर आल्यावर फक्त घ्यायचा उरतो. (बाबा, याचा फळ्यावर सुविचार करू नका. साधी पोहण्याची गोष्ट आहे.)

तुम्ही सातवीला आर्किमिडीज शिकवताना बादलीत दगड सोडायचात, ते आठवतं. मग हेही तुम्हाला आवडेल: माणसाचं डोकं साधारण चार-पाच किलोचं असतं. ते पाण्याबाहेर काढलं की पाणी तेवढं वजन तोलत नाही, ते आपल्यालाच तोलावं लागतं. हवा फुप्फुसांत, म्हणजे छातीत, त्यामुळे छाती तरंगते आणि पाय जड. डोकं उचललं की पाय बुडालेच. बुडणारा माणूस डोकंच वर काढायला बघतो आणि त्यानंच आणखी बुडतो.

आणि हो, तुमचे पेठ गावचे पेटकर! लहानपणी इतक्यांदा ऐकलं होतं, तेव्हा कान दुखायचे. आपल्याच जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर, लष्करात बॉक्सिंग खेळणारे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिंपिकला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक घेऊन आले. वेळ ३७.३३ सेकंद, भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. परवा मी सहज म्हणून घड्याळ लावलं. २५ मीटर, मध्ये दोनदा दांडा धरून, एक मिनिट बावन्न सेकंद. माझ्यासाठी कुणी पदक करायला टाकू नये.

बँकेत एक नवीन मुलगी आली आहे. हुशार आहे, पण घाबरट. नोंद चुकली की तिचे कान लाल होतात. पूर्वी मी अशांच्या हातातून माउस काढून घ्यायचे, ‘सरक, मी करते.’ काम लवकर व्हायचं आणि मलाही बरं वाटायचं. मागच्या आठवड्यात ती तिसऱ्यांदा तेच चुकली. माझा हात पुढे गेला होता, पण मला तलावाचा दांडा आठवला आणि मी चहा आणायला गेले. परत आले तेव्हा चौथ्यांदा चुकली होती. पाचव्यांदा जमलं. चहा गार झाला आणि रांगेतले एक आजोबा माझ्यावर चिडले, ते वेगळं. रोज जमेलच असं नाही. शुक्रवारी मी पुन्हा माउस हिसकावलाच.

बाबा, आता कागद आईकडे द्या. इथून पुढचं तिनं एकटीनं वाचायचं आहे. तुम्ही पेपर वाचा.

आई,

एप्रिलमधला फोन आठवतो? मला महिना झाला होता आणि पाठीवर तरंगता येत नव्हतं. सगळं करून झालं होतं. त्या रात्री तू विचारलंस, ‘आवाज असा का?’ आणि मी म्हणाले, ‘तरंगताच येत नाही गं, पाय खाली जातात.’

तू जरा वेळ गप्प होतीस. मग म्हणालीस, ‘कान बाहेर ठेवत असशील. कान बुडव की. आणि लोकांकडं नको बघू, आभाळाकडं बघ.’ आणि लगेच, ‘कैऱ्या आल्यात, तुला लोणचं किती देऊ?’

दुसऱ्या दिवशी मी कान बुडवले. कान पाण्यात गेले की बाहेरचं सगळं लांब जातं, शिट्टी, मुलांचा दंगा, सगळं. आपलाच श्वास तेवढा ऐकू येतो, जात्याच्या घरघरीसारखा. वर एक घार फिरत होती. तिच्याकडे बघता बघता लक्षात आलं की पाय खाली गेलेले नाहीत. किती वेळ तशी होते कुणास ठाऊक, त्या शिकवणाऱ्या मुलीनं येऊन खांद्याला हात लावला तेव्हा दचकून बुडाले.

रात्री फोन केला, तुला कसं माहीत म्हणून. तू म्हणालीस, ‘मी भिलवडीची आहे.’ जसं काही सगळ्या भिलवडीला हे माहीत असतं आणि मीच एक अडाणी. मग ओढून ओढून तुझ्याकडून काढलं. घाटाच्या त्या मोठ्या पायऱ्या, आत्यांबरोबर पहाटे जाणं, परकर खोचून उतरणं, उन्हाळ्यात कृष्णेचं पाणी खाली गेलं की पलीकडे औदुंबरच्या बाजूला पोहत जाणं, आणि नाववाला ओरडायचा ते. १९७४ ला लग्न झालं आणि संपलं. ‘सासरी नदी नव्हती, आणि विहिरीत बाया उतरत नाहीत.’ एवढं बोलून तू पुन्हा लोणच्यावर गेलीस.

त्यानंतर दोन महिने माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरतेय. त्या मे महिन्यात काठावर मी एकटी नव्हते. तू शेजारी आंब्याच्या सावलीत शेंगा फोडत बसायचीस. एक दिवस दादा खाली गेला आणि वर येईना. मी घड्याळ बघत होते, तोच तो एकतीस सेकंदांचा दिवस. बाबा पलीकडे कुणाशी तरी बोलत होते. तुझ्या मांडीवरचं सूप खाली पडलं, शेंगा धावेवर सांडल्या, आणि तू उभी राहिलीस. पदर कमरेला घट्ट खोचलास आणि कठड्याशी गेलीस. मग दादा हसत वर आला. तू काही बोलली नाहीस, वाकून शेंगा गोळा करायला लागलीस.

इतकी वर्षं मला वाटत होतं, आई घाबरली होती. आता वाटतं, घाबरलेली बाई ओरडते. तू ओरडली नाहीस, तू पदर खोचलास. उडी मारणार होतीस ना?

आणि मला एक सांग, बाबांना माहीत आहे का? पन्नास वर्षांत कधी विषय निघाला नाही? मला राग आलेला नाही. थोडा आला होता, खोटं कशाला बोलू. शिकवणारी शेजारी बसली होती आणि मी विहिरीतल्यांकडे बघत होते. पण तू तरी कुणाला विचारून उतरणार होतीस? मला अडवणारं कुणी नव्हतं तरी मी तीस वर्षं खुर्चीत बसले. तुझ्याभोवती तर अख्खं घर होतं.

नदीवर आता जाता येणार नाही. तिकडे मगरींच्या बातम्या येतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. पण दादा म्हणाला, कालव्याचं पाणी फिरल्यापासून विहीर उन्हाळ्यातही भरलेली असते, आणि यंदा तर मेमध्येच पाऊस लागला. मी दिवाळीला चार दिवस आधी येतेय. डॉक्टरांना बीपीचं तेवढं विचारून ठेव. इथं दुकानात पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे पोहण्याचे पोशाख मिळतात, आमच्या बॅचमधल्या अडुसष्ट वर्षांच्या आजी तोच घालतात. छातीचं आणि उंचीचं माप घेऊन कळव. टेप बाबांना धरायला सांग, म्हणजे विषय आपोआप निघेल.

मी पायरीपर्यंतच येईन, मला अजून खोल पाण्याचं धाडस नाही. पुढं तू सांगशील तसं.

बाबांना म्हणावं, कपडे आणि घड्याळ सांभाळायला काठावर माणूस लागेल.

तुमची,
ताई

ता. क. : बाबांच्या मशीनचे सेल पाठवले आहेत, बुधवारपर्यंत पोचतील. लोणच्याची बरणी दादाबरोबर पाठवू नकोस, मागच्या वेळी त्यानं वाटेतच उघडली होती.