मेस्त्री, ते लोहचुंबक माझ्या हातात दिलंत म्हणून

मेस्त्री, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. गाडीवरून ओळखालच. मागच्या दाराला पोचा आलेली ऑटोमॅटिक, डीला (पुढे जायच्या गिअरला) टाकली की क्षणभर ढिम्म आणि मग मागून कुणी ढकलल्यासारखी निघणारी, तीच. चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पुढे सरकायची नाही. सिग्नलला थांबायचं म्हटलं तरी माझ्या पोटात गोळा यायचा.

तुमच्याआधी ज्यांची दारं झिजवली, त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. पहिल्यांनी इंजिन माउंट, म्हणजे इंजिन ज्यांच्यावर टेकतं ते रबरी आधार, बदलले, बिल हातात ठेवलं, झटका होता तिथेच राहिला. दुसऱ्यांनी गाडीखाली डोकावायचेही कष्ट घेतले नाहीत. गिअरबॉक्स गेला, अख्खा बदलावा लागेल, एवढं सांगून मोकळे. आधी ऑइल बघून घ्यायचं का, असं मी विचारलं, तर उत्तर माझ्या भावाला मिळालं. तो बिचारा नुसता सोबतीला आलेला, त्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. "मॅडमना सांगा, सीलबंद गिअरबॉक्स आहे, लाइफटाइम ऑइल असतं, त्याला हात लावायचा नसतो." लाइफटाइम म्हणजे गाडीचं की वॉरंटीचं, हे विचारायचं राहूनच गेलं. जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः गिअरबॉक्स बनवते आणि तीच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान, नाहीतर ८ वर्षांनी, ऑइल बदला म्हणते. पण काउंटरवरच्या साहेबांना जास्त कळतं. तिसरे तर डब्यावरचं न वाचताच ऑइल भरायला निघाले होते. "लाल ते सगळं एकच हो!" तिथून मात्र मी गाडी तशीच वळवून आणली.

तुम्ही आधी टॉर्च घेऊन गाडीखाली गेलात. गिअरबॉक्सच्या तळाशी ऑइल साठतं त्या पॅनच्या कडेला तेलकट ओल होती आणि तिच्यावर धुळीचा थर बसला होता. "गिअरबॉक्स ऑइल पीत नाही. कमी झालं म्हणजे गळलं." हे एवढं साधं वाक्य तोवर मला कुणीच सांगितलं नव्हतं. मग खालूनच बोलत राहिलात: इथलं ऑइल नुसतं वंगणाचं नाही, त्याच्या दाबावरच क्लच प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात. ऑइल कमी झालं की पंप हवा ओढतो, दाब पडतो, प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात आणि तापलं की उरलेलं ऑइलही करपतं. माझ्या गाडीचं सगळं दुखणं तुम्ही गाडीखाली आडवं पडून, तोंडात स्क्रू धरल्यासारख्या त्या आवाजात सांगून टाकलंत.

पुढे काय काय केलंत ते इथे लिहीत बसत नाही. गॅस्केट, फिल्टर, ऑइल, ते तुमचं काम आणि ते तुम्ही चोख केलंत. मला सांगायचंय ते लोहचुंबकाबद्दल.

पॅन खाली घेतल्यावर तुम्ही मला खुर्चीवरून उठवून आत बोलावलंत. पॅनच्या तळाशी छोटी गोल लोहचुंबकं होती, त्यांच्यावर काळपट राखाडी लेप चढलेला. त्यातलं एक काढलंत आणि सरळ माझ्या तळहातावर ठेवलंत. "बोटांत चोळून बघा. टोचतंय का काही?" नव्हतं टोचत. मऊ, बुळबुळीत, काजळीसारखं बोटांच्या रेषांत शिरणारं. "ही रोजची झीज. टोचलं असतं, चुरा लागला असता, तर मीच म्हटलं असतं की गिअरबॉक्स खोलावा लागेल." मग पांढऱ्या कागदावर जुन्या ऑइलचा एक थेंब टाकलात, शेजारी नव्याचा. एक चांगलाच तपकिरी, एक लाल. जुन्याचा वासही घ्यायला लावलात. करपट येत होता, आणि तोही तुम्ही लपवला नाहीत: "प्लेटांना थोडी झळ लागलीय. फरक पडेल, पण शंभर टक्के होईल असं मी म्हणणार नाही."

भाऊ माझ्या मागेच उभा होता. तुम्ही एकदाही त्याच्याकडे बघून बोलला नाहीत.

मेस्त्री, माझा हात नंतर कितीतरी वेळ काळा होता आणि मला तो धुवावासा वाटत नव्हता. गाडी माझी, पैसे माझे, भीती माझी, आणि पुरावाही माझ्या हातात देणारं पहिलं माणूस तुम्ही. हुशार कारागीर पुष्कळ असतील. पण समोरच्याला अडाणी ठेवून कमाई करायची सोय असताना ती सोडून देणारे फार थोडे, आणि अशांच्या जिवावरच आपल्यासारख्यांचे व्यवहार चालतात. डॉक्टर असो, वकील असो, नळ दुरुस्त करणारा असो, "या, बघा" म्हणणारा माणूस भेटला की अर्धं दुखणं तिथेच जातं. उरलेलं अर्धं तुम्ही ऑइल ठरलेल्या तापमानाला येईपर्यंत स्कॅनरवर डोळे लावून काढलंत. बाहेर दुसरं गिऱ्हाईक हॉर्न वाजवत होतं, तरी ऑइलची पातळी बघायचा तो लेव्हलचा नट वेळेआधी खोलला नाहीत.

आता तुम्ही कळवायला सांगितलं होतं ते. पॅनची कड टॉर्च लावून बघितली, कोरडी आहे. डीला टाकली की गाडी लगेच घेते, रिव्हर्सलाही. चढावर ओरडणं बंद झालं. सकाळी थंड असताना दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना बारीकसा धक्का अजून जाणवतो, गरम झाली की जातो. इंजिनचा जोर गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये जुनं ऑइल अडकून राहतं, म्हणून थोडी चालवून पुन्हा एकदा बदलायचं म्हणाला होतात, तेव्हा हेही बघाल का? ऑइल त्याच नंबरचं मागवून ठेवा आणि कधी येऊ तेवढं सांगा. या वेळी मी एकटीच येणार आहे.

तुमची आभारी,
पोचा आलेल्या गाडीची मालकीण